आगीच्या कारणाबाबत

माझ्या धाकट्या भावाला, प्रेमला, दहावीला ब्याण्णव टक्के पडले आणि तो लातूरला गेला, डॉक्टर व्हायला. मला बारावीला चोपन्न पडले आणि मी तालुक्याच्या कॉलेजात इतिहासाला बसले. घरात कुणी मला काही बोललं नाही. फक्त पाहुणे आले की बाप प्रेमचं सगळं सांगून घ्यायचा आणि मग माझ्याकडं हात करून म्हणायचा, "ही पण शिकून राहिली."

हुशार पोरं लातूरला जातात, उरलेली इतिहासाला येतात, असं आमचे विरूपाक्ष सर स्वतःच म्हणायचे. सर उदगीरकडचे. वर्गात एकतीस नावं होती आणि बाकावर आम्ही चौघी. बाकीचे पोलीस भरतीच्या मैदानावर पळत असायचे आणि परीक्षेला तेवढे उगवायचे. सरांना त्याचा राग यायचा नाही. ते चौघींना शिकवायचे, पण शंभर जणांना शिकवावं तसं, उभं राहून, घसा ताणून.

तिसऱ्या वर्षाला प्रकल्प होता. "आपापल्या गावातली एक घटना घ्या," सर म्हणाले. "काय झालं, कधी झालं आणि का झालं. मार्कं तिसऱ्या प्रश्नाला आहेत. एकानं सांगितलं म्हणून लिहू नका. पहिल्याशी ज्याचा काही संबंध नाही असा दुसरा पुरावा शोधा. दोन्ही जुळले तर बिनधास्त लिहा."

मी आग घेतली. आळस, दुसरं कारण नाही. आमच्या वस्तीत आगीची गोष्ट शेंबडं पोरही सांगतं. अठ्ठ्याहत्तर साली, विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव आमच्या लोकांवर हल्ले होत होते, त्याच पावसाळ्यात आमची वस्ती जळाली. एकोणीस घरं. पण आमच्या गावचे लोक फार चांगले, असं आम्हाला लहानपणापासून सांगत आलेले. आमच्याकडं कुणी काही केलं नाही. आमची वस्ती नागूआजीच्या चुलीनं जळाली. भर पावसाळ्यात, भिजल्या छपरांना एका चुलीची ठिणगी पुरली कशी, असं सेहेचाळीस वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मी तर इतिहासाची विद्यार्थिनी.

नागूआजी, म्हणजे नागुबाई, वस्तीच्या टोकाला एकटी राहायची. सत्तरीला टेकलेली, मूलबाळ नाही, नवरा केव्हाच गेलेला. तिच्याकडं गॅस नव्हता. दिवसभर तिची चूल पेटलेली असायची आणि त्या चुलीचा विस्तव कुणी न्यायचं नाही. गॅस आले तरी वस्तीत विस्तव लागतोच. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायला लागतो, लेकराला धुरी द्यायला लागतो. मग कुठल्या तरी दारात जाऊन बायका दोन निखारे मागून आणतात. नागूआजीची शेजारीण महामायाकाकू, भिंतीला भिंत लागून घर, पण तीही ते दार सोडून चौथ्या घरी जायची.

मी सात-आठ वर्षांची असताना एकदा आईनं मला विस्तव आणायला पाठवलं. मला कुठं कळत होतं, मी जवळचं घर बघितलं. नागूआजीनं खापरात चांगले रसरशीत निखारे घालून दिले, वर राख पसरली, म्हणाली, "सांभाळून ने गं माय." आईनं दारातच विचारलं, कुणाकडून आणलास? मी सांगितलं. आईनं रांजणातलं तांब्याभर पाणी त्यावर ओतलं. मी मागं वळून बघितलं तर नागूआजी गल्लीच्या वळणावर उभी होती. मी नीट पोचले का ते बघायला आली असेल.

तर अशी सोपी घटना. पहिला पुरावा घरातच होता. माझा आजा केरबा. वस्तीतला सगळ्यात वयस्कर माणूस. चौदा एप्रिलला पहिला हार त्याच्या हातून घातला जातो. मी फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं.

"नागीच्या चुलीनं लागली," आजा म्हणाला. "वारा व्हता. आमी समदे कामावर."

"चूल तशीच टाकून ती कुठं गेली होती?"

"कुणाला ठावं? बाईचं ध्यान नसंल." आणि त्यानं खोकल्याचं निमित्त करून फोन बाजूला सारला.

दुसरा पुरावा कागदाचा हवा होता. तालुक्याच्या रेकॉर्ड रूमला तीन हेलपाटे घातले. चौथ्या वेळी तिथल्या बाईनं मदतीच्या फायलीतला पंचनामा काढून दिला. पाच ऑगस्ट एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, शनिवार, दुपारी. नागुबाई भ्रतार पंढरी हिच्या घरातील चुलीतील विस्तवामुळे आग लागली, कोणावरही संशय नाही. खाली आमच्याच वस्तीतल्या पाच पंचांचे अंगठे. पहिला अंगठा केरबाचा. मला अभिमान वाटला. आज्याचा अंगठा सरकारी कागदावर आहे म्हणून मी त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. बापानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

आगीत कुणी मेलं का, एवढी एक ओळ राहिली होती. त्यासाठी ग्रामपंचायतीत गेले आणि मृत्यूंची जुनी वही मागितली. पाच ऑगस्टला काही नव्हतं. नंतरही नव्हतं. वही मिटणार तेवढ्यात वरची ओळ दिसली. चार ऑगस्ट. पंढरी, वय सव्वीस, जुलाब. खबर देणार, केरबा.

मी ती ओळ वाचली आणि खुर्चीतच बसून राहिले. सांगायला लाज वाटते, पण आधी मला गंमत वाटली, गणित सुटल्यावर वाटते तशी. चार तारखेला पंढरी गेला. पाच तारखेला दुपारी त्याच्या बायकोच्या चुलीतून ठिणगी उडाली. ज्या घरातून मढं उचललं त्या घरची चूल तीन दिवस पेटत नाही. आमच्यात नाही, मराठ्यांत नाही, लिंगायतांत नाही. भावकीतल्या बायका भाकर आणून घालतात. पंचनामा ज्यानं कुणी लिहिला त्यानं हे विचारलंच नाही. आणि ज्यांनी अंगठे दिले त्यांना विचारायची गरजच नव्हती. पंढरीची खबर द्यायला आजाच गेला होता.

नागूआजी तेव्हा आजारीच होती. नांदेडच्या दवाखान्यातून घरी न्या म्हणून सांगितलेलं. पोट फुगलेलं, हातपाय वाळलेले. दारात बाजेवर पडून असायची. महामायाकाकू पेज द्यायची. मी बाजेशेजारी बसले आणि विचारलं, "नागूआजी, आग लागली त्या दिवशी तुझी चूल पेटलेली होती का?"

तिनं उशीवरची मान माझ्याकडं वळवली.

"हे कुणी ईचारलंच न्हाई कधी," ती म्हणाली. "समदे म्हणले, नागे तू चूल कशी काय टाकून गेलीस. पेटली व्हती का म्हणून कुणी ईचारलं न्हाई." मग हळूहळू सांगत गेली. "मालकाला माती देऊन आलो आदल्या दिशी. घरात मढं पडलेलं, त्या घरची चूल कोण पेटवतं? राख गार व्हती. दुसऱ्या दिशी भाकर तुह्या आजीनं आणून देली. मी तुकडा मोडला न मोडला तेवढ्यात ते आले. पंचवीस-तीस माणूस. राकेलचे डबे. मी तोंडं वळखली. समद्यांनीच वळखली."

"मग तू बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? ज्यांनी अंगठे देले त्यांच्याच दारात पाणी भरीत व्हते मी." तिनं माझं मनगट धरलं. हाताला जोर नव्हता. "तू लिवून राहिलीस ना हे? लिव. नागीची चूल गार व्हती, एवढंच लिव. बाकीच्याईची नावं नको. ते गेले मरून. आन मला वाचून दाखव. मी हाय तोवर."

मी हो म्हणाले. त्या दुपारी मी खरंच लिहिणार होते.

कॉलेजात सरांना सांगितलं. ते हातातला खडू ठेवून ऐकत होते. "मृत्यूनोंद आहे, साक्ष आहे, रीत सगळ्यांना माहीत आहे," ते म्हणाले. "दोन्ही जुळतात. लिहा. तीन वर्षं मी ज्यासाठी ओरडतोय ते हेच." चौघींपैकी एकीनं का होईना काहीतरी केलं, असा त्यांचा चेहरा झाला होता.

घरी आले तेव्हा आजा ओट्यावर बसला होता. मी वहीतल्या नोंदीचा फोटो त्याच्यापुढं धरला. त्याला वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवला. त्यानं नाकारलं असतं तर बरं झालं असतं. मी भांडले असते. पण आजा नाकारत नव्हता.

"फौजदार म्हणला, कारण लिवायचं हाय. गावाचं नाव लिवलं तर गावात ऱ्हाता येणार न्हाई. तुमच्यातलंच एक घर सांगा. अपघात लिवू. पत्रे मिळतील, गाव बी ऱ्हाऊ देईल." आजा ओट्याच्या फरशीवर बोट फिरवत होता. "पाच जण बसलो. कुणाचं घर सांगायचं? माझं सांगू तर माझी चार लेकरं. पांडूचं सांगू तर पांडूचे भाऊ. नागीच्या मागं कोणी नव्हतं. कालच इधवा झालेली. ती बोलून बोलून कुणापाशी बोलल?"

"तू सुचवलंस?"

आज्यानं फरशीवरचं बोट उचललं. म्हणाला, "त्या पत्र्याखाली तुहा बाप वाढला. नोकरीला लागला. त्याच्यावरच तू शिकून राहिलीस."

मला त्याला ओरबाडावंसं वाटलं आणि त्याच वेळी त्याचे पाय दिसत होते, भेगाळलेले, काळेठिक्कर, त्याच पायांवर मी लहानपणी झोके घेतलेले. असलं दोन्ही एकदम वाटू नये माणसाला.

आज्यानं त्या दिवसापासून जेवण सोडलं. भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. दुसऱ्या दिवशी बापानं मला आत बोलावलं. त्याला सगळं कळलं होतं की थोडं, मला ठाऊक नाही. "त्याचे किती दिवस राहिले?" बाप म्हणाला. "चौदा एप्रिलला त्याच्या हातात हार कोण देईल मंग? तुला वीस मार्काचा कागद लिवायचा, लिव. पर म्हाताऱ्याचं तोंड काळं करून लिवू नको." तिसऱ्या दिवशी आई नुसती रडली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चौदाव्या पानावर लिहिलं:

या आगीत वस्तीतील एकोणीस घरे जळाली. शासकीय पंचनाम्यानुसार एका घरातील चुलीतील विस्तवामुळे आग लागली. काहींचे म्हणणे वेगळे आहे. आगीच्या कारणाबाबत एकमत नाही.

आजा जेवला. दोन भाकरी खाल्ल्या. सरांनी चौदावं पान दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला. "भाषा चांगली आहे," म्हणाले आणि खाली सही केली. वीसपैकी सतरा. त्यानंतर वर्गात त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही.

नागूआजीला मी टाळत होते. आठ दिवस तिच्या दारावरून जायचं सोडून मागच्या बोळातून गेले. शेवटी महामायाकाकूच घरी आली. "म्हातारी तुझंच नाव घेऊन राहिली. वाचून दाखीव म्हणं काय ते."

मी चौदाव्या पानाची झेरॉक्स घेऊन गेले. का नेली कोण जाणे, कोरा कागद नेला असता तरी चाललं असतं. नागूआजीला बाजेवर उठून बसायचं होतं, काकूनं पाठीला गोधडी लावून दिली आणि स्वतः शेरडं बघायला गेली. मी कागद उघडला. त्यावर जे लिहिलं होतं ते मी वाचलं नाही. मी वाचलं: "पाच ऑगस्ट रोजी नागुबाईच्या घरी सुतक होते. तिची चूल आदल्या दिवसापासून थंड होती. आग त्या चुलीने लागली नाही."

पाठ केल्यासारखं सरळ वाचलं. एकदाही अडखळले नाही.

"पुन्यांदा वाच," ती म्हणाली. मी पुन्हा वाचलं. तेच शब्द आले, एकही बदलला नाही.

"कुठं लिवलंय ते? बोट ठिव माझं."

मी तिचं बोट धरून शेवटच्या ओळीवर ठेवलं. एकमत नाही, त्यावर.

"माझं नाव हाय त्याच्यात?"

"आहे."

"सायबाची सही?"

सही खरी होती. मी तिचं बोट सहीवर नेलं. तिथं ती थांबली, बोटानं सही चाचपत राहिली. मग कागद मागून घेतला आणि उशाखाली घातला. मला तो परत मागता आला नाही.

मी उठले तेव्हा ती म्हणाली, "प्रिया, जाता जाता इस्तू नेतीस का घरी?"

काकूनं पेजेसाठी नागूआजीचीच चूल पेटवलेली होती. मी खापरात तीन निखारे घेतले, वर राख पसरली. ती बाजेवरून बघत होती, आणि तिचा चेहरा असा झाला होता की मला तिथून पळून जावंसं वाटलं. गल्लीच्या वळणापर्यंत मी खापर दोन्ही हातांनी नेलं. पुढं आमचा ओटा दिसला, ओट्यावर आजा. मी खापर नालीत पालथं केलं. चर्र आवाज झाला. आईनं निदान दारात, सगळ्यांसमोर ओतलं होतं.

नागूआजी सोळा एप्रिलला गेली. जयंतीला प्रेम लातूरहून आलेला होता, तोही मातीला आला. माती देऊन परत येऊन सगळे तिच्या दारासमोर लिंबाखाली बसले. चाळीस-पन्नास माणसं. जयंतीच्या पताका अजून उतरवलेल्या नव्हत्या. आता वंदना म्हणून उठायचं, एवढ्यात महामायाकाकू आतून आली. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद होता.

"म्हातारीनं सांगून ठेवलं व्हतं," ती म्हणाली. "माझी माती झाली की समद्यांमोरं वाचा म्हणं. हिच्यात माझं समदं लिवलंय. शिकलेल्या माणसानं वाचा."

मी उठेपर्यंत कागद प्रेमच्या हातात गेलेला होता. शिकलेला म्हणजे तोच.

प्रेमनं खणखणीत आवाजात वाचलं. एकोणीस घरे. शासकीय पंचनाम्यानुसार. काहींचे म्हणणे वेगळे आहे. आगीच्या कारणाबाबत एकमत नाही. खाली ताईचं नाव आहे, सरांची सही आहे, तेही त्यानं वाचलं.

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. "म्हंजे?" कुणीतरी विचारलं.

"म्हणजे नक्की सांगता येत नाही," प्रेम म्हणाला.

"मंग हे वाचायला कशाला ठिवलं म्हातारीनं?"

"तसं नाही!" मी ओरडले. आवाज फाटला. "तिची चूल थंड होती. आदल्या दिवशी तिचा नवरा मेला होता, सुतक होतं. ग्रामपंचायतीच्या वहीत आहे. आग गावानं लावली. डबे घेऊन आले होते, सगळ्यांना माहीत होतं." मी रडत होते, आणि रडताना माणूस जसं बोलतो तसं मागचं पुढं, पुढचं मागं बोलत होते. बायका माझ्याकडं दयेनं बघत होत्या. एकीनं मला खाली बसवायला हात धरला.

"आन कागदावर?" मागून एकजण म्हणाला. "कागदावर तर तसं न्हाई."

"ताई," प्रेमनं विचारलं, "मग तू लिहिलं का नाहीस?"

तो टोमणा मारत नव्हता. खरंच विचारत होता. लातूरला त्यांना तेच शिकवतात. उत्तर येत असेल तर लिहायचं, खात्री नसेल तर प्रश्न सोडून द्यायचा. मला उत्तर येत होतं. समोर, पहिल्या रांगेत, खुर्चीवर आजा बसला होता. सगळी वस्ती खाली आणि तो एकटा खुर्चीवर, वयामुळं. त्याचे हात काठीवर होते, आणि उजव्या हाताचा अंगठा काठीच्या मुठीवर घासत होता.

"उनाचं चालून चालून भवळ आलीय तिला," आजा म्हणाला. आवाज अगदी मऊ होता. "लई जीव व्हता तिचा नागीवर. बोलू नका तिला कुणी. पोरीनं अभ्यास करून लिवलंय, सायबांनी सही केलीय. शिकल्यालं माणूस खोटं कशाला लिवंल?"

लोक उठायला लागले. आज्यानं प्रेमपुढं हात केला, कागद घेतला, बोटांनी नीट घडी घातली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला.

"जपून ठिवतो," तो मला म्हणाला. "तुह्या हातचं हाय."